शरदातल्या आनंदवनात



दसरा उलटला की आपल्या रेणापूर भागात शेतकऱ्याला मान वर करायला फुरसत नसते. सोयाबीनच्या गंजी, म्हणजे आपल्या बोलीतल्या बनमी, रानोरान लागलेल्या असतात आणि हडंब्याची पाळी कधी येते इकडे घरधन्याचे डोळे असतात. तुरीला फुलकळी धरू लागते. एकीकडे ज्वारी-हरभऱ्याच्या पेरणीआधी रानातली ओल उडून जाते की काय, ही धाकधूक. घरातला जो तो शिवारात. मग घरी राहते कोण? ओसरीवर आजोबा आणि चुलीपाशी आजी. त्यांना आपण सांगतो, "तुम्ही आता निवांत बसा." चांगल्या मनानेच सांगतो. पण ज्याने पन्नास-पन्नास सुग्या अंगावर घेतल्या त्याला ऐन सुगीत निवांत बसवणे म्हणजे बैल दावणीला बांधून त्याच्या समोरून पाभर नेण्यासारखे आहे. बैल काही बोलत नाही, एवढेच.

कृषी विस्तार अधिकारी म्हणून गावोगाव हिंडताना मी पिकांइतकाच ओसरीवरच्या या माणसांना पाहत आलो. म्हणून दसरा आणि दिवाळी यांच्या मधल्या दिवसांत आनंदवनला जाण्याचा योग आला, तेव्हा मी ठरवूनच गेलो की तिथे मोठ्या इमारती पाहायच्या नाहीत. म्हातारी आणि अपंग माणसे शरदात बागेत काय करतात ते पाहायचे. तेच तुम्हांला सांगणार आहे.

वाट सांगतो. रेणापूरहून लातूर, तिथून चाकूर, अहमदपूर, लोहा करीत नांदेड. बालाघाटच्या माळावर कुसळी गवत पिवळे पडू लागलेले, खालच्या काळ्या रानात मात्र तूर छातीला लागलेली. नांदेडला गोदावरी ओलांडायची, हदगावच्या पुढे पैनगंगा, आणि पैनगंगा ओलांडली की आपण विदर्भात. उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ. बदल लगेच जाणवतो. आपल्याकडे सोयाबीनचे राज्य, तिकडे कापसाचे. पहिल्या वेचणीच्या बाया ओट्या बांधून ओळीने चाललेल्या आणि रस्त्याच्या कडेला पांढरे गाठोडे घेऊन म्हातारी माणसे राखणीला बसलेली. यवतमाळहून मारेगाव, वणी, मग वर्धा नदी ओलांडून वरोरा. दिवसभराचा प्रवास आहे. रेल्वेने जायचे तर वरोरा हे वर्ध्याहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या मार्गावरचे स्थानक. आनंदवन तिथून हाकेच्या अंतरावर, नागपूर-चंद्रपूर रस्त्याला लागून.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती सावली. वऱ्हाड-चांद्याच्या उन्हातून, आणि शरदातले ऊन तर चित्रा नक्षत्राचे, चामडी सोलणारे, तुम्ही एकदम झाडांखाली येता. ही झाडे आयती नव्हती. मुरलीधर देवीदास आमटे, आपण ज्यांना बाबा आमटे म्हणतो, यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली तेव्हा सरकारने वरोऱ्याजवळ पन्नास एकर जमीन दिली. जमीन कसली, दगड आणि झुडपे. १९५१ च्या जूनमध्ये बाबा तिथे राहायला आले. बरोबर साधनाताई, दोन लहान मुले, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि गाठीला चौदा रुपये. आरंभ विनोबांच्या हस्ते झाला. पहिले काम विहिरीचे. पाणी लागल्याशिवाय शेती नाही हे आपल्याला कोणी सांगायला नको, पण ती विहीर खणणाऱ्या कितीएक हातांना पुरती बोटे नव्हती, हे ध्यानात घेऊन पुढचे वाचा.

बाबांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, हिंगणघाटचा. घरची जमीनदारी, स्वतः वकील. वरोऱ्याला असताना पावसात रस्त्याकडेला पडलेला एक कुष्ठरोगी, तुळशीराम, त्यांनी पाहिला. प्रथम ते भ्याले, दूर झाले. मग त्या भीतीचीच लाज वाटून परत फिरले. पुढे कलकत्त्याला जाऊन त्यांनी या रोगाचे शिक्षण घेतले. उत्तर आयुष्यात कण्याच्या विकाराने त्यांना धड बसता येत नसे, उभे राहायचे नाहीतर आडवे व्हायचे. अपंगाने कसे काम करावे हे दुसऱ्याला सांगणारा माणूस स्वतःही अपंगच होता.

आता मला सगळ्यांत मोलाची वाटलेली हकिकत. विहिरीला पाणी लागले, भाजीपाला पिकला, गाईला दूध आले. खाऊन उरेल इतके झाले. वरोऱ्याच्या बाजारात मात्र कोणी हात लावीना. महारोग्यांनी पिकवलेली भाजी, महारोग्यांच्या गोठ्यातले दूध! वांगे तेच, मेथीची जुडी तीच, पण पिकवणाऱ्याचा हात आड आला. माल चांगला असून बाजार बंद, हे दुःख शेतकऱ्याइतके कोणाला कळणार? आपला भाव पडतो तेव्हा आपण चिडतो. त्यांचा भाव पडला नव्हता. त्यांची किंमतच कोणी करायला तयार नव्हते.

हा बंध सुटला तो १९५४ च्या सुमारास. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल नावाच्या संस्थेचे देशोदेशीचे स्वयंसेवक तिथे श्रमदानाला आले. ही संस्था पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, फ्रान्समधले एक उद्ध्वस्त खेडे पुन्हा उभारण्याच्या कामातून निघालेली; तिचे संस्थापक पिएर सेरेसोल १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर तिकडच्या खेड्यांतही राबून गेले होते. (१९९३ च्या ३० सप्टेंबरनंतर किल्लारीकडे कुठकुठली माणसे धावून आली, ते आपण पाहिले आहे. त्याच जातीची ही माणसे.) हे गोरे पाहुणे आनंदवनात राहिले, इमारती बांधू लागले आणि रोग्यांनी पिकवलेले अन्न रोग्यांच्या पंक्तीला बसून जेवले. ते पाहायला वरोऱ्याचे लोक आले. पाहुण्यांना काही झाले नाही हे पाहून हळूहळू त्यांची भीड चेपली, आणि भाजी विकली जाऊ लागली. मला यात आपल्या लोकांचा थोडा रागही येतो. शेजाऱ्याच्या हातचे खायला आपल्याला सातासमुद्रापारचा साक्षीदार लागतो.

नंतर त्या हातांनी काय केले? १९६४ साली महाविद्यालय उभे केले आणि १९६५ मध्ये कृषी महाविद्यालय. ज्यांना गावाने वेशीबाहेर काढले त्यांनी गावच्या निरोगी पोरांसाठी कॉलेजाच्या भिंती रचल्या. शेतकीचा पदवीधर म्हणून त्या कृषी महाविद्यालयापुढे मी थोडा वेळ उगीचच उभा राहिलो.

तळी, हातमाग, कारखाने, जुन्या टायरांचे बंधारे यांवर पुष्कळ लिहिता येईल, पण मी वळतो म्हाताऱ्यांच्या वस्तीकडे. आनंदवनात 'स्नेहसावली' आहे, ती रोगातून बऱ्या झालेल्या पण वयाने थकलेल्या माणसांसाठी. 'उत्तरायण' आहे, ते इतर ज्येष्ठांसाठी. पहिल्या पिढ्यांनी माळाचे रान केले आणि आता त्या पिढ्यांचे उरलेले लोक म्हातारे झाले आहेत. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन-तीन औषधे एकत्र देण्याचा बहुविध उपचार सुचवला, त्या उपचाराने हा रोग आता सहा महिने ते वर्षभरात बरा होतो. त्यामुळे विकृती आलेले नवे रोगी पूर्वीइतके येत नाहीत. आनंदाचीच गोष्ट. पण जुने बरे झाले तरी घरी गेले नाहीत, कारण घराने बोलावले नाही. औषधाने अंगातला रोग जातो. गावाच्या डोक्यातला जायला कोणती गोळी आहे, ते मला ठाऊक नाही.

सकाळी आठचा सुमार. दव सुकले होते. एका झाडाखाली चार-पाच वयस्कर माणसे बसली होती, पुढ्यात सुकलेल्या झेंडूच्या फुलांचा ढीग. दसऱ्याला तोडायची ती फुले तोडून झालेली, काही मुद्दाम झाडावरच वाळू दिलेली. ती चुरगळून बी वेगळे करायचे काम. बिनबोटांच्या तळव्यांमध्ये फूल धरून चोळले की काळे-पांढरे बी सुपात पडते. झेंडूला ना काटा ना विस्तव, आणि चिमटीने धरायची गरजही नाही. थोडे पलीकडे दोन आज्या कोथिंबिरीच्या पेरणीसाठी धने रगडत होत्या. धना अख्खा पेरला तर उगवण विरळ होते, म्हणून त्याची दोन दलं करून रात्रभर भिजवायचा, हे तुम्हांला माहीतच आहे. पण पाट्यावर पालथ्या मनगटाने रगडतानाचा त्यांचा बेताचा दाब पाहण्यासारखा होता. दल मोडले पण दाणा पिठाळला नाही.

मी जवळ बसलो. बागेत कोणाला काय काम द्यायचे याला एक शास्त्र आहे आणि ते मला फार पटले. कुष्ठरोगाने मज्जातंतू मारले की हाताला कळ समजत नाही. काटा रुतला, फोड आला, चटका बसला तरी माणूस हसत बोलत राहतो आणि रात्री जखम दिसते. बोटे झडतात ती पुष्कळदा अशा न कळलेल्या जखमा चिघळून. तेव्हा अशा हाताला काटेरी वांगी, गुलाब, लिंबू यांची तोडणी द्यायची नाही. मेथी, पालक, झेंडू, शेवंती, केळ ही त्यांची पिके. खुरप्याच्या दांड्याला जुने फडके किंवा सायकलची ट्यूब गुंडाळून तो जाड करायचा, म्हणजे मूठ पुरती वळली नाही तरी पकड बसते आणि हाताला घट्टे पडत नाहीत. पायाला बधिरता असेल तर उकिडवे बसून निंदण नको, कारण सारा भार तळव्याच्या एका जागी येतो. बसायला बाज किंवा ओटा आणि वाफा कमरेइतका उंच करून घ्यायचा. पायात मऊ रबराची चप्पल. संध्याकाळी हातपाय पाण्यात भिजवायचे, तेल चोळायचे आणि उजेडात न्याहाळायचे, नवी जखम आहे का. बैल कामावरून आला की आपण त्याचे खूर पाहतो की नाही? तसेच.

या सगळ्याचा उपयोग आपल्या घरी काय, असे तुम्ही म्हणाल. आपल्याकडे साखरेच्या आजाराने पाय बधिर झालेली माणसे आता घरोघर आहेत. अर्धांगाने एक हात गेलेले आहेत. मोतीबिंदूने अंधुक दिसणारे आहेत. त्यांना हेच शास्त्र लागू.

तिथे बसलेल्या एका मामांनी माझी बोली ऐकून विचारले, "साहेब, कुनीकडचे म्हनं?"

"रेणापूर. लातूरकडचा."

"रेणापूर म्हंजे रेणुकाईचं." मामांचे हात थांबले. "सोयाबीन निघालं का तिकडं? हरभरा पेरालाव का आत्ता?"

मी सांगितले, काही ठिकाणी पेरा झाला, काही ठिकाणी रान अजून तयार व्हायचे आहे. मग मी विचारले, "मामा, तुमचं गाव कोणतं?"

ते पुन्हा झेंडू चोळायला लागले. "गाव हाय तिथंच. आपुन हितं."

मी पुढे विचारले नाही. माणसाने गावाचे नाव गिळायला किती वर्षे लागत असतील? थोड्या वेळाने त्यांनीच तोंड उघडले. "वाळकं लावतेत का हो आता कुनी? आमी ज्वारीत टाकायचो. या दिवसांत येलाला लोंबायची." मी म्हटले, कमी झाली. सोयाबीन आल्यापासून आणि तणनाशकाची फवारणी सुरू झाल्यापासून वाळकाचा आणि शेंदाडाचा वेल रानात टिकत नाही. "मंग खाता काय?" असे त्यांनी विचारले आणि मला खरेच नीट उत्तर देता आले नाही.

आता थोडे आपल्या जिल्ह्याविषयी. २०२० साली लातूर जिल्हा परिषदेने ठराव केला की जे कर्मचारी आईवडिलांना सांभाळणार नाहीत त्यांच्या पगारातून तीस टक्के रक्कम कापून ती आईवडिलांच्या खात्यात जमा करायची. २०२१ च्या जानेवारीत काहींचा पगार कापला गेल्याचे वर्तमानपत्रांतून आले. ज्येष्ठ नागरिकांच्या पोटगीचा कायदा तर २००७ पासून आहे. ठराव चांगला, कायदाही हवा. पण पगार कापून भाकरी मिळेल, हाताला खुरपे मिळणार नाही. आणि शेतकऱ्याच्या घरात भाकरीची वाण सहसा नसते. उणीव असते ती 'आजोबा, हे तुम्हीच करा' या शब्दांची.

आपल्या घरात एक बाग दर शरदात लागते आणि ती म्हातारीच्याच हातची असते. घटस्थापना! रानातली काळी माती, तीत नाना धान्ये, वर घट, नऊ दिवस पाणी. दसऱ्याला ते पिवळे कोंब आपण टोपीत खोवतो. माझ्या धंद्याच्या नजरेने पाहिले तर ही देवापुढची उगवण चाचणीच. कोणते धान्य जोरात उगवले, कोणते बसले, हे आजी न चुकता सांगते आणि आपण ऐकत नाही. यंदा ते ऐका. हरभरा पेरायच्या आठवडाभर आधी घरच्या बियाण्यातले शंभर दाणे आजोबांकडून मोजून घ्या, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडून गुंडाळून ठेवा आणि ओल सांभाळायची जबाबदारी त्यांच्यावर टाका. सहा-सात दिवसांनी कोंब मोजायचे तेही त्यांनीच. पंच्याऐंशीच्या वर आले तर बियाणे उत्तम. फार कमी आले तर त्या बियाण्याचा नाद सोडा. दुकानातल्या पिशवीइतकाच हा निकाल खरा असतो. सोयाबीनचेही तसेच. बियाण्यापुरते चार पोते हडंब्यात भरधाव घालू नका, त्याचे टरफल नाजूक असते. थोडेसे असेल तर बडवून घ्या आणि फुटके दाणे निवडायला घरातले जुने हात बसवा. डोळे अंधुक असतील तर परातीत घेऊन बोटांनी निवडता येते.

घरामागे न्हाणीचे पाणी वाया जाते तिथे अर्धा गुंठा परसबाग पुष्कळ झाली. या दिवसांत मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा टाकावा. वांगी-टोमॅटोची रोपे लावायची तर चार-पाच आठवड्यांची घ्यावीत आणि ऊन उतरल्यावर लावावीत. दगड-मातीचा कमरेइतका ओटा रचून त्यात शेणखत-मातीचा वाफा केला की गुडघे गेलेल्या आजीलाही उभ्याने भाजी काढता येते. पाण्याला मोठी बादली देऊ नका. लहान झारी द्या, फेऱ्या जास्त झाल्या तर होऊ द्या. आणखी एक. त्यांनी लावलेली मेथीची जुडी आठवड्याच्या बाजारात विकली गेली तर ते पैसे त्यांच्याच कनवटीला राहू द्या. रक्कम किरकोळ असेल, तरी तिचा हिशेब विचारू नका.

आपल्या भागात येळवसेला आपण साऱ्या घरादाराला रानात नेतो, म्हातारेकोतारेही गाडीत बसतात, भज्जी-आंबील होते. तो दिवस मार्गशीर्षात येतो. पण तोवर दोन महिने आहेत आणि रानातली खरी गडबड याच दोन महिन्यांत असते.

कोणाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तिथे घाम येत नसेल, स्पर्श कळत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. औषध फुकट मिळते, सहा महिने किंवा बारा महिने घ्यावे लागते, आणि ते सुरू झाल्यावर लागण पसरायची भीती राहत नाही. वेळेवर घेतले तर हातपाय जसेच्या तसे राहतात. माणसाला घरातून काढायचे कारण नाही. २०१९ पासून हा रोग घटस्फोटाचे कारण म्हणूनही कायद्यात उरलेला नाही.

बाबा आमटे ९ फेब्रुवारी २००८ रोजी गेले, साधनाताई २०११ च्या जुलैमध्ये. बाबांना त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन न करता आनंदवनाच्या मातीतच पुरले. तुम्ही जाल तेव्हा तिथे अवश्य जा. हातमागाच्या सतरंज्या, टॉवेल विकत मिळतात, ते घ्या. फुकट काही देऊ नका, तिथे ते रुचत नाही. वस्त्यांतून फिरताना आधी विचारून फिरा, ती माणसांची घरे आहेत.

परत आल्यावर मी दोन-तीन गावांत वाळकाच्या बियांची चौकशी केली. पानगावकडच्या एका आजीच्या उतरंडीत राखेत ठेवलेली पुरचुंडी निघाली. निम्मे बी मी आनंदवनला पाठवले, पाकिटावर लिहिले, 'मृगात ज्वारीच्या कडेने टोकावे.' उरलेले माझ्याकडे आहे. ज्यांच्या रानात अजून तणनाशक पडत नसेल त्यांनी मागून न्यावे.